दुर्बिणीचा भार कुठे जातो

दुर्बीण गळ्यात अडकवून दहा मिनिटं उभं राहिलं तर कुठलाही पट्टा बरा वाटतो. पाठीवर पिशवी, खांद्यावर बंदूक, चढ-उतार, मध्येच वाकून झुडपाखालून जाणं, मध्येच तासभर एका जागी खिळून बसणं, हे सगळं पहाटेपासून चाललेलं असताना सहाव्या तासाला तोच पट्टा कसा वाटतो, त्यावरून त्याची पारख करावी. सहाव्या तासाला माणूस नकळत हालचालींची काटकसर करायला लागतो. मान अवघडलेली असते, पट्टी पिशवीच्या पट्ट्याखाली अडकलेली असते, दुर्बिणीच्या पिशवीची चेन दोन हातांशिवाय उघडत नाही. मग पलीकडच्या उतारावर काही हललं तरी ‘असेल पाखरू’ म्हणून सोडून दिलं जातं.

याहून गंभीर गोष्ट पुढे घडते. दुर्बीण अडचणीच्या जागी असली की हात बंदुकीकडे जातो आणि तिच्यावर बसवलेल्या स्कोपमधून, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीतून, नुसतं बघून घ्यावंसं वाटतं. स्कोपमधून बघणं म्हणजे जिकडे बघतो तिकडे नळी रोखणं. झुडपाआड सावज आहे की वाकून काही वेचणारा माणूस, हे ठरवायचं काम नळी रोखून कधीच करायचं नसतं. ते दुर्बिणीचं काम आहे, आणि दुर्बीण एका हाताच्या एका हालचालीत डोळ्यांपाशी आली तरच ती ते करते. म्हणून हार्नेसच्या, म्हणजे दुर्बीण छातीशी धरणाऱ्या खांद्या-पाठीवरच्या पट्ट्यांच्या, आरामाला मी चैनीची बाब मानत नाही. बंदुकीच्या खटक्याजवळच्या सेफ्टीइतकंच त्याचं मोल आहे.

आधी वजनाकडे बघू. ८ × ३२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढची भिंगं ३२ मिलिमीटरची असलेली, दुर्बीण साधारण ४५० ते ६०० ग्रॅमची असते. शिकारीत सर्रास दिसणारी १० × ४२ ही बहुतेक वेळा ६५० ते ८५० ग्रॅम भरते. आत अंतरमापक असलेली किलोच्या आसपास जाते आणि १५ × ५६ सारखी मोठी दुर्बीण किलोच्याही वर. हातात घेतलं तर हे वजन किरकोळ वाटतं. मानेला ते किरकोळ नसतं, कारण पट्टा टेकतो मानेच्या मुळाशी, जिथे बोटाला एक हाड उंच लागतं तिथे, आणि भार लोंबतो मणक्याच्या पुढे. डोकं पुढे ओढलं जाऊ नये म्हणून मानेमागचे आणि मानेपासून खांद्याकडे उतरणारे स्नायू सतत ताणून धरावे लागतात. वजनापेक्षा ही सुटी न मिळणंच जास्त छळतं. रुंद, फुगीर निओप्रीनचा (स्पंजासारख्या रबराचा) मानपट्टा घेतला की दाब पसरतो, कातडीत रुतत नाही. पण भार मानेवरच राहतो. वर निओप्रीन ताणलं जातं, त्यामुळे दुर्बीण पावलागणिक उसळते.

हार्नेसकडून दोन गोष्टी हव्यात: भार मानेवरून काढून खांद्यांवर आणि पाठीवर वाटायचा, आणि दुर्बीण छातीशी धरून ठेवायची. पहिली जमली आणि दुसरी राहिली, तर वाकल्यावर दुर्बीण झोक्यासारखी पुढे जाते आणि दगडावर किंवा बंदुकीच्या नळीवर आपटते. तो टणत्कार शांत रानात फार लांब जातो.

साधा, उघडा हार्नेस म्हणजे चार पट्ट्या आणि पाठीवर त्या एकत्र आणणारा चामड्याचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा. वजन १०० ग्रॅमच्या आसपास, छातीवर उकाडा नाही, दुर्बीण कायम उघडी आणि हाताशी. कोरड्या हवेत, मोकळ्या माळावर, हलकी दुर्बीण असेल तर मी याच्याच बाजूनं कौल देईन. यात दोन जाती आहेत. एकात पट्ट्याच इलॅस्टिकच्या असतात. दुर्बीण उचलली की त्या ताणल्या जातात. दुसऱ्यात पट्टी न ताणणारी असते आणि कडीतून सरकते. छातीपासून डोळ्यांपर्यंत दुर्बिणीला साधारण २५ ते ३० सेंटिमीटर वर यायचं असतं. हे अंतर ताणून भरायचं की सरकवून, एवढाच फरक, पण परिणाम मोठा. इलॅस्टिक कडक असलं तर दुर्बीण डोळ्यांना लावलेली असतानाही खाली ओढत राहतं. ती ओढ दंडांना पेलावी लागते, दंड थरथरतात, आणि दहापट मोठं दिसत असताना थरथरही तितकीच मोठी दिसते. दुर्बीण पूर्ण एक मिनिट डोळ्यांना लावून धरा. तिसाव्या सेकंदाला ओढ जाणवली तर पट्ट्या सैल करा; सैल केल्यावर दुर्बीण पोटापर्यंत लोंबत असेल तर तो हार्नेस त्या दुर्बिणीसाठी नाही. ९०० ग्रॅमच्या पुढच्या दुर्बिणीला इलॅस्टिक नकोच. चालताना ती इतकी उसळते की एक हात तिला धरण्यातच अडकतो.

दुसरं घराणं छातीवरच्या पाऊचचं. दुर्बीण झाकणाच्या खोक्यासारख्या पिशवीत बसते आणि ही पिशवी चार पट्ट्यांनी छातीला बांधलेली असते. धूळ, काटे, पाऊस यांपासून दुर्बीण वाचते, रांगताना जमिनीवर घासत नाही. बदल्यात तीनशे-चारशे ग्रॅम, कधी त्याहूनही जास्त, जादा वजन अंगावर येतं आणि छातीला वारा लागत नाही. काटेरी, दमट किंवा धुळीच्या मुलखात हा बदला परवडतो.

पाऊच निवडताना बहुतेक जण दुर्बिणीची लांबी तेवढी बघतात. ४२ मिलिमीटर भिंगांची रूफ प्रिझमची (सरळ नळ्यांची) दुर्बीण साधारण १४-१५ सेंटिमीटर लांब असते. पण आयकप, म्हणजे डोळ्यांना टेकणाऱ्या फिरत्या कडा, वर काढलेले असले की ती एखाद सेंटिमीटरनं वाढते. चष्मा नसलेला माणूस आयकप वर काढूनच बघतो. झाकण लावण्यासाठी दर वेळी ते खाली फिरवावे लागत असतील तर चार दिवसांत झाकण उघडंच राहायला लागतं. पुढच्या बिजागरीवर ट्रायपॉडचा खुंट बसवलेला असेल तर त्यालाही दोन-तीन सेंटिमीटर जागा हवी. पोरो प्रिझमची, म्हणजे पुढची भिंगं डोळ्यांपेक्षा लांब-लांब असलेली जुन्या घडणीची, दुर्बीण रुंद असते, तिला रूफचा पाऊच चालतच नाही.

रुंदीची बाब याहून नाजूक आहे आणि तिच्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. मोठ्या माणसांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर बहुतेक ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान असतं आणि दुर्बीण त्या अंतरावर उघडून ठेवायची असते. पाऊच अरुंद असला तर ती आत घालताना मिटावी लागते. मग बाहेर काढल्यावर पुन्हा उघडा, दोन गोल एकावर एक आणा, तोवर सावज झाडीत गेलेलं असतं. दुकानात पाऊच बघताना दुर्बीण स्वतःच्या डोळ्यांना जुळवून घ्यावी आणि तशीच, हात न लावता, आत उतरवावी. दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहिली पाहिजे. त्याहून जास्त राहिली तर ती आत खुळखुळते, आणि घट्ट बसली तर बाहेर काढताना डायॉप्टरची, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारी, कडी फिरते. ही कडी फिरली की एका डोळ्याला, बहुतेक वेळा उजव्या, अंधूक दिसतं आणि माणूस उगाच भिंगं पुसत बसतो.

झाकणाबद्दल माझं मत ठाम आहे: ते शरीरापासून दूर, पुढे उघडावं आणि एका हातानं, न बघता उघडता यावं. शरीराकडे उघडणारं झाकण जाड जाकिटावर नीट मागे पडत नाही, अर्धवट उभं राहतं आणि दुर्बीण परत ठेवताना आडवं येतं. कुठलाही प्रकार असला तरी डोळे मिटून दहा वेळा दुर्बीण काढून परत ठेवावी. दहापैकी दोन वेळाही चाचपडावं लागलं तर दुसरा पाऊच बघावा.

आता अंगावर बसवण्याची गोष्ट. चांगले हार्नेस बहुतेक इथेच फसतात. आधी सगळ्या पट्ट्या पूर्ण सैल करा. ज्या ऋतूत वापरायचा त्याच ऋतूचे कपडे घाला आणि दुर्बीण आत ठेवूनच मापं घ्या. रिकाम्या पाऊचवर केलेली जुळणी भार आल्यावर तीन-चार बोटं खाली उतरते. पाठीवरचा तुकडा दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये यायला हवा, मानेच्या उंच हाडाच्या बराच खाली. मग खांद्यांच्या पट्ट्या एवढ्याच ओढा की पाऊचची वरची कड हासळीच्या हाडाखाली साधारण चार बोटांवर येईल. शेवटी बगलेखालच्या पट्ट्या ओढा. छाती भरून श्वास घ्या आणि त्या वेळी पट्टीखाली दोन बोटं सरकतात का ते बघा. चढावर दम लागल्यावर बरगड्या जितक्या फुगतात तितकी जागा पट्टीनं द्यायलाच हवी.

हार्नेस घेऊनही मान दुखते, अशी तक्रार करणाऱ्यांच्या पाठीकडे बघितलं की कारण बहुतेक वेळा लगेच दिसतं. पाऊच खाली लोंबतो म्हणून त्यांनी खांद्यांच्या पट्ट्या करकचून ओढलेल्या असतात आणि बगलेखालच्या सैल सोडलेल्या असतात. त्यामुळे पाठीवरचा तुकडा सरकत सरकत मानेच्या मुळाशी जाऊन बसतो. म्हणजे भार पुन्हा तिथेच, जिथून काढायला हार्नेस घेतला होता. उपाय उलटा आहे: खांद्यांवर ढील द्या आणि बगलेखालच्या पट्ट्या ओढा. त्या पाठीचा तुकडा खाली धरतात आणि पाऊच छातीशी आणतात. झोके थांबवायचं कामही त्यांचंच, खांद्यांच्या पट्ट्यांचं नाही.

बसवून झाला की हनुवटी छातीकडे न्या. झाकणाला लागली तर पाऊच वर आहे. उभं राहून खाली बघा. पुढच्या पावलाची जमीन दिसायला हवी. खडकाळ उतारावर ती दिसली नाही तर पाय मुरगळतो. मग उकिडवं बसा. पाऊच मांडीला लागून वर ढकलला जात असेल तर तो फार खाली आहे. दोन्ही हात डोक्यावर न्या, कडेनं वाका, चार पावलं पळा. स्त्रियांच्या अंगावर हीच जुळणी जरा वेगळी करावी लागते: सपाट, कडक पाठीचा पाऊच वरच्या बाजूनं पुढे झुकतो आणि दुर्बीण अंगापासून दूर जाते. मऊ पाठीचा, आणि बगलेखालची पट्टी पाऊचच्या अगदी तळापासून निघणारा हार्नेस त्यांना जास्त बरा बसतो.

पाठीवर पिशवी असेल, आणि ती असतेच, तर हार्नेस आधी आणि पिशवी वरून. पिशवी उतरवली तरी दुर्बीण अंगावरच राहायला हवी. या क्रमात पाठीवरचा तुकडा पिशवीखाली दाबला जातो, म्हणून तिथे जाड बकल किंवा धातूची कडी असलेला हार्नेस नको. अर्ध्या इंचाचा उंचवटासुद्धा दोन तासांत मणक्याशेजारी ठणका लावतो. पिशवीची छातीवरची आडवी पट्टी पाऊचच्या वर किंवा खाली जायला हवी; पाऊचवरून गेली तर झाकण उघडत नाही.

बंदूक खांद्याला लावून बघितल्याशिवाय निवड पुरी होत नाही. बंदूक अर्थातच रिकामी, नळी सुरक्षित दिशेला. दस्ता जिथे खांद्याच्या खोबणीत बसतो, तिथे हार्नेसची पट्टी गेली तर चालते, बकल आलं तर नाही. दस्ता त्यावरून घसरतो आणि धक्का हाडावर बसतो. पालथं पडून नेम धरताना पाऊच छातीखाली उशीसारखा येतो आणि मान वाकडी होते. ज्यांना असा नेम वारंवार धरायचा आहे त्यांनी उथळ पाऊच घ्यावा, किंवा बगलेखालचं एक बकल सोडून तो बाजूला सरकवता येईल असा. तिरंदाजांची अडचण आणखी वेगळी: धनुष्याची दोरी सुटताना छातीच्या अगदी जवळून जाते. पाऊचची कड किंवा बाजूला लावलेला जादा खिसा तिच्या वाटेत आला तर बाण चुकतो. पूर्ण ताणून, आरशासमोर, दोरी आणि पाऊच यांतलं अंतर बघावं.

मचाणावर बसणाऱ्यांसाठी एक गोष्ट सक्तीची समजावी. पडण्यापासून वाचवणारा सुरक्षेचा हार्नेस आधी, अंगाशी, दुर्बिणीचा त्याच्यावरून. सुरक्षेची दोरी पाठीवरून, खांद्याच्या फऱ्यांमधून वर जाते, आणि दुर्बिणीच्या हार्नेसचा तुकडाही नेमका तिथेच येतो. दोरी दुर्बिणीच्या पट्ट्यांच्या आतून किंवा त्यांत गुंतून जाता कामा नये, कारण पडल्यावर सगळा हिसका त्या पातळ पट्ट्यांना, आणि त्यांच्यामार्फत गळ्याला बसेल. चढण्याआधी हे दुसऱ्या माणसाकडून बघून घ्यावं.

आवाजाची परीक्षा घरात, रात्री, पंखा बंद करून घ्यावी. वेल्क्रो फाडल्यासारखा वाजतो, त्याला शिकारीच्या हार्नेसमध्ये जागाच नाही. चेन हळू ओढली तर शांत असते, पण तिला दुसरा हात लागतो. चुंबकाचं झाकण उघडताना जवळजवळ निःशब्द असतं, बंद होताना मात्र टक् करतं. बोट मध्ये धरून बंद करायची सवय लावावी. रबरी दोरी आणि आकडा हा जुना प्रकार मला अजूनही आवडतो: शांत, आणि बिघडला तर गाठ मारून चालवता येतो. बाहेरचं कापडही नखानं खरवडून बघावं. गुळगुळीत कडक नायलॉन काट्यावर घासलं की सरसर वाजतं, लवदार कापड गप्प असतं. पण त्यावर कुसळं चिकटतात आणि ते पाणी पितं.

चुंबकाचं झाकण असेल तर होकायंत्र छातीच्या खिशात ठेवू नये. सुई चुकते, आणि बराच काळ चुंबकाजवळ राहिली तर कायमची बिघडूही शकते. फोनमधलं होकायंत्रही गडबडतं. ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा तसं यंत्र बसवलेलं आहे त्यांनी चुंबकाचा पाऊच घेऊच नये. फोनसारख्या वस्तूंतल्या चुंबकांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२१ मध्ये अशा यंत्रांपासून किमान १५ सेंटिमीटर अंतर राखायला सांगितलं होतं. छातीवरच्या पाऊचमध्ये तेवढं अंतर मिळतच नाही.

पाऊच आणि ओल यांचं जमत नाही. चढावर घाम येतो, त्याची वाफ पाऊचच्या पाठीतून आत जाते आणि थंड भिंगांवर धुकं धरतं. दुर्बिणीत नायट्रोजन भरलेला असला तरी तो आतल्या भिंगांना वाचवतो, बाहेरच्यांना नाही. छातीकडच्या बाजूला जाळी असलेला पाऊच घ्यावा आणि चढ संपल्यावर झाकण दोन मिनिटं उघडं ठेवावं. तळाला पाणी जायला छोटं भोक असावं. मुक्कामाला पोचल्यावर दुर्बीण पाऊचमधून बाहेर काढायचीच. ओल्या पाऊचमध्ये बंद करून ठेवली तर भिंगांवर बुरशी येते आणि तिचे डाग काचेच्या लेपात कायमचे राहतात. पाऊच उलटा करून झटकायचा. तळाशी साठलेली वाळू पुढच्या भिंगांना रोज थोडी थोडी घासत असते.

दुर्बीण आणि हार्नेस यांना जोडणाऱ्या पट्ट्या हा सगळ्यांत छोटा भाग, आणि तुटतो तोच. दुर्बिणीच्या कानांतून जाणारी पट्टी सहसा १० मिलिमीटरच्या आसपास रुंद असते. ती बकलमधून घालून टोक परत उलट ओवायचं आणि किमान ५ सेंटिमीटर शेपूट ठेवायचं. एकदाच ओवलेली पट्टी ओली झाली की सरकते. जोडणी झाली की गादीवर धरून चार जोरदार हिसके द्यावेत. पाऊचवाल्यांपैकी काही जण दुर्बीण पट्ट्यांना जोडतच नाहीत, कारण त्या गुंततात. कड्यावर बसून बघताना हात बधिर झालेला असतो, तेव्हा ती पट्टी हवीच. ट्रायपॉड वापरणाऱ्यांनी झटकन सुटणारी छोटी बकलं घ्यावीत; मात्र सुटल्यावर दुर्बिणीकडे राहणारं टोक आखूड असावं, नाहीतर ते वाऱ्यात भिंगासमोर हलत राहतं.

बाजूच्या खिशांचा मोह आवरावा. सुटा अंतरमापक साधारण २०० ग्रॅमचा असतो. तो एका बाजूला लावला की पाऊच तिकडे झुकतो आणि एकच खांदा भार ओढतो. लावायचाच तर समोरच्या बाजूला तेवढंच काही हवं. आणि जिथे इतर शिकाऱ्यांना माणूस दुरून दिसावा म्हणून नारिंगी जाकीट घालायचा नियम आहे तिथे मोठा पाऊच छातीवरचा बराच नारिंगी भाग झाकतो, हे ध्यानात ठेवून पाऊचवर त्याच रंगाचं कापड लावावं.

इलॅस्टिक ऊन, घाम आणि वय यांनी मरतं. नवं असताना त्यावर शाईनं दहा सेंटिमीटरवर दोन खुणा कराव्यात; न ताणता ते अंतर सेंटिमीटरभर वाढलं की पट्टी बदलावी. खांद्याची पट्टी पाऊचला जिथे शिवलेली असते तिथली शिवण हंगामाआधी नखानं उचकून बघावी. पट्ट्यांची लोंबणारी टोकं गुंडाळून रबरात अडकवावीत, कापू नयेत, कारण थंडीत जाड जाकिटावरून तीच लांबी लागते. सगळी जुळणी मनासारखी झाली की प्रत्येक पट्टीवर, बकल जिथे थांबतं तिथे, रंगीत दोऱ्याचे दोन टाके घालावेत: एक रंग पातळ सदऱ्यासाठी, दुसरा जाड जाकिटासाठी. पहाटेच्या अंधारात हे टाके बोटाला लागतात, आणि दिवा न लावता हार्नेस जागेवर बसतो.